झिलीची रांग

ते मानमोडीचं साल होतं. इंग्रजी सन एकोणीसशे अठरा. पुढे साखरशेत पाड्यात कुणाला वय विचारलं तर माणूस ‘मानमोडीच्या आधीचा’ किंवा ‘मानमोडीच्या मागचा’ एवढंच सांगे, आणि तेवढं पुरे होई. पण ही गोष्ट सुरू होते तेव्हा त्या सालाला अजून नाव पडलेलं नव्हतं. आषाढ निम्मा सरला होता. जव्हारच्या डोंगरावर ढग नुसते तोंड दाखवून जात होते, आणि फागी आपल्या थोरल्या जावेबरोबर, बायडीबरोबर, पहाटेची ओहोळाच्या कातळावर एका पाखराची वाट बघत बसली होती.

“एवढा येळ बसलीस,” बायडी म्हणाली, “बुडाखाली अंडी असती तं पिलं निघून उडाली असती.”

“हळू बोल गे बाय. पाखरू बिचकंल.”

“असंल तं बिचकंल.”

बायडीचं तोंड फागीला लग्न होऊन आली त्या दिवसापासून ठाऊक होतं.

साखरशेतात तेव्हा भाताची आवणी गाण्याशिवाय होत नसे. खाचरात चिखल झाला की बायका दोन रांगा करून मधोमध उतरत, एकमेकींकडे तोंड करून. रोपं खोवत खोवत दोन्ही रांगा मागे सरकत. मधलं हिरवं वाढत जाई तशा रांगा एकमेकींपासून लांब होत, आणि आवाज चढवावा लागे. एका रांगेने ओळ उचलायची, ती उचल. दुसरीने तिला उत्तर द्यायचं, ती झील. शब्द वर्षानुवर्षं तेच होते. सूर मात्र दर साली नवा असे, आणि तो माणसाने रचायचा नसे. तो शीळकरी देई.

शीळकरी म्हणजे काळंनिळं पाखरू. ओहोळाच्या दगडांत राहतं, पाणी धो धो वाहू लागलं की पहाटे माणसासारखी शीळ घालतं. लांबलचक, वळणावळणाची, जणू कुणी रिकामटेकडा गुराखी मनाशीच गातोय. पाऊस लागला की उचलीची बाई आणि झिलीची बाई, दोघींनी अंधारात उठून ओहोळावर जायचं, त्याची शीळ ऐकायची आणि तिचं पहिलं वळण धरून घरी यायचं. दोघींनी ऐकलं तरच तो सूर खरा. एकटीचे कान एकटीला फसवतात, असं म्हणत. आणि सूर आल्यावाचून जी रोपं लावली ती बहिरी राहतात, मूळ धरत नाहीत. गेल्या सालचा सूर चालत नसे. ते साल मेलेलं, त्याचा आवाज चिखलात कशाला न्यायचा?

फागीची सासू, म्हातारी सुकरी, उभी हयात उचल करत आली होती. ती कधी ओहोळावरून रिकामी परतली नाही. मरायच्या आधी तिने दोन्ही सुनांना जवळ बसवलं आणि उचल दिली धाकटीला, फागीला. थोरलीला म्हणाली, “बायडे, तुझा गळा खाली जातं. तू झील धर.” बायडीने झील धरली. चांगली धरली. पण थोरली असून जन्मभर धाकटीच्या मागून बोलायचं, हे तिच्या मनाला लागलं होतं, आणि ते ती रोज थोडं थोडं फागीला परत करत असे.

“सासूनं तुना उचल दिली,” आता ती कातळावरून उठत म्हणाली, “पाखराला इचारून दिली का नाय, ते नाय माना ठावं.”

उजाडलं होतं. ओहोळात पाणी म्हणाल तर दगडांच्या खळग्यांत साचलेलं तेवढंच. मृगात तो एकदा तांबडा होऊन वाहिला होता, मग आभाळ विरलं. दोघी पात्रातून चालू लागल्या आणि फागीचा पाय जागीच थबकला. वाळूवर, अगदी उघड्यावर, टिटवीची अंडी होती. मातकट, काळ्या ठिपक्यांची.

टिटवीने उंच माळावर अंडी घातली की पाऊस बक्कळ. ओहोळाच्या पात्रात घातली की त्या साली पाणी येणार नाही, हे पाखराला आधीच कळलेलं असतं. दोघींना हे कुणी सांगायला नको होतं. डोक्यावर टिटवी घिरट्या घालत ओरडत होती: टिटीव-टिव, टिटीव-टिव.

बायडीने थुंकून पदराने तोंड पुसलं. “चल. घरी सांगू नको.”

पण घरी सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. राबात, म्हणजे भाजून पेरलेल्या वाफ्यात, उगवलेलं भाताचं आवण पिवळं पडत चाललं होतं. फागीचा नवरा लाडक्या रोज सकाळी राबाच्या कडेला उकिडवा बसे आणि एखादं रोप उपटून मुळाचा वास घेई. थोरला भाऊ नवसू, बायडीचा नवरा, त्याच्याजवळ येऊन बसे.

एके दिवशी दुपारी मात्र अचानक आभाळ भरून आलं आणि पाडा झोडपून काढत पाऊस कोसळला. संध्याकाळपर्यंत खाचरांत पाणी उभं राहिलं. माणसं अंगणात येऊन भिजत हसत होती. जिवा भगत आपल्या पडवीतून ओरडला, “आता उतरा, रे! हे पाणी दोन दिसाचं पाव्हणं. गेलं तं परत नाय येयाचं.”

“बायका कशा उतरतील?” नवसू म्हणाला. “सूर कठं हाय?”

“मंग आणा!” भगत म्हणाला.

“पाखरू काय दरबाराचा शिपाई हाय, हाक दिली की येल?”

सगळ्यांचे डोळे फागीकडे वळले. तेच तिला जड गेलं. लाडक्याने रात्री भाकर मोडताना तिच्याकडे न बघता विचारलं, “उद्या आणशील ना?”

“आणीन,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोळाला खरंच पाणी होतं. फार नाही, पोटरीएवढं. पण वाहतं होतं. दोघी कातळावर बसल्या. पूर्वेला फटफटलं. सातभाई कलकलून गेले, दूर कोंबडा आरवला. शीळकऱ्याचा पत्ता नव्हता. दगडांच्या ज्या फटीत तो दर साली राही तिथे फागीने वाकून बघितलं; तिथे कोळ्याचं जाळं होतं.

पाण्याच्या आवाजात एकच आवाज होता. टिटवीचा. पाण्याने तिची अंडी नेली होती आणि ती त्या जागेवर, वाहत्या पाण्यावर, पुन्हा पुन्हा उतरत होती. रोजचं तिचं ओरडणं तुटक असतं. त्या दिवशी ते लांबलं होतं. वर चढायचं, मध्येच मोडायचं आणि मग खाली येऊन थांबायचं.

फागी ते ऐकत होती. तिचे ओठ केव्हा हलू लागले तिला कळलं नाही. तिने तो चढ धरला, मोड हळू केली, खाली यायचं ते आणखी खाली नेलं, आणि त्यावर शब्द बसवले:

“राब सोडून निघाली पोर, कुणाच्या गे घरी?”

शब्द बसले. असे बसले की जणू इतकी वर्षं याच सुराची वाट बघत होते.

बायडी उभी राहिली. “फागे. ह्यो टिटवीचा सूर हाय.”

“हाय.”

“मेलेल्या अंड्यांवर रडतंय ते पाखरू. तू त्यावर आवणी करशील?”

“तं काय करू?” फागी तिच्याकडे वळली. “सांग माना. रिकामी जाऊ? आवण उद्या जळंल. पोरं काय खातील? तू थोरली ना? तू सांग.”

बायडीने मान वळवून खाली पाण्याकडे पाहिलं. मग तिने आपल्या त्या जाड, खालच्या गळ्याने झील दिली:

“चिखलाच्या गे घरी बाई, पाण्याच्या माहेरी.”

पुन्हा म्हणून बघायचं धाडस एकीलाही झालं नाही.

परतीच्या वाटेवर पाडा दिसू लागला तेव्हा बायडी थांबली. “झील मी धरीन. पण एक आयकून ठेव. कुणी माना समोर उभी करून इचारलं, तं मी खोटं नाय बोलायची.”

“कोण इचारतं?” फागी म्हणाली.

त्या सालची आवणी ज्यांनी ऐकली ते पुढे तिच्याबद्दल फारसं बोलत नसत. पण ती विसरलंही कुणी नाही. आभाळ खाली आलेलं, वारा पडलेला, आणि चिखलातल्या दोन रांगा. फागीची रांग उचल करी तेव्हा बांधावरची पोरं खेळ थांबवत. झिलीच्या रांगेत बायडीशेजारी तिची सून होती, पुतळी, लग्नाला वर्ष झालेली. तिचा नवरा, काळ्या, ठाण्याकडे लाकडाच्या वखारीवर कामाला गेला होता. पुतळीचा गळा बारीक आणि वर जाणारा. सासू खाली धरी आणि सून वर तरंगे, आणि त्या दोन आवाजांच्या मधल्या जागेत बाकीच्या बायका चालत. मधलं हिरवं वाढत गेलं, रांगा लांब लांब झाल्या, तरी सूर तुटला नाही.

जव्हारच्या बाजाराला निघालेली माणसं डोक्यावरचं ओझं उतरवून वाटेवर उभी राहिली. “औंदा शीळकरी लय दुखात दिसतं,” एक म्हातारा म्हणाला.

“पोरगी नांदाया चालली, हसत जाल का?” पुतळी खाचरातून ओरडली आणि सगळ्याजणी हसल्या. फागी हसली नाही. बायडीही नाही.

सूर पाड्यात शिरला तो राहिला. आवणी संपली की गाणं संपतं. पुढे ते कुणी म्हणत नाही. या सालचं संपलं नाही. पोरी नागली, म्हणजे नाचणी, निंदताना तोच गुणगुणत, बाया जात्यावर तोच ओढत. ओहोळापलीकडच्या पाड्यातल्या बाया येऊन तो शिकून गेल्या. फागी पाण्याला गेली की चार घरांतून तो तिच्या कानावर येई. ती पावलं उचली, तरी तो पुढच्या घरात तिची वाट बघत असे.

आणि पाऊस दिलेलं पाणी ठेवून जो गेला तो गेला. श्रावण कोरडा गेला. खाचरांना भेगा पडल्या. दिवसाढवळ्या टिटव्या पाड्यावरून ओरडत जाऊ लागल्या. पोरं त्यांना दगड मारत, त्या परत येत.

भादव्यात काळ्या घरी आला. चालत आला, पण उंबऱ्यावरच बसला. डोळे लाल, अंग तापलेलं, मान धरलेली. तिकडे मुंबईत माणसं अशीच पडतायत, म्हणाला, वखारीतून रोज कुणाला तरी बाहेर काढतात. चार दिवसांनी तो उठला, पेज मागू लागला. तो उठला आणि पुतळी पडली.

फागी गेली तेव्हा दुपारची वेळ होती. बायडी दारातच बसली होती, हातात ओलं फडकं. आतून आवाज येत होता. पुतळी झील म्हणत होती. श्वास पुरत नव्हता, तरी म्हणत होती: चिखलाच्या गे घरी बाई. मग थांबे, मान वळवून कानोसा घेई, आणि पुन्हा तीच ओळ.

“सकाळधरून असंच हाय,” बायडी म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे इतका सपाट होता. “ती उचलीची वाट बघतंय. उचल कुणी देत नाय, म्हणून तिला चैन नाय. फागे, आत जा. उचल दे.”

“बाय, तो सूर नको.”

“तिला तोच ठावं हाय. दे.”

फागी आत गेली. पुतळीच्या उशाशी बसली. पोरीचे ओठ निळसर झाले होते. फागीने हळूच उचल केली: राब सोडून निघाली पोर, कुणाच्या गे घरी? पुतळीचं तोंड निवलं. तिने झील दिली, सबंध दिली, वरच्या सुरात. फागीने पुन्हा उचललं. पुन्हा झील आली, अर्धी. तिसऱ्यांदा फागी गायली आणि थांबून राहिली. दारातून बायडीही आत बघत होती. झील आली नाही.

त्यानंतर कोण केव्हा गेलं ते आठवणं कठीण. मान धरणाऱ्या त्या तापाच्या साथीला लोक मानमोडी म्हणू लागले. सकाळी मोळी घेऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी नसे. तुकाची बायको भागी गेली, मागोमाग त्याची दोन्ही पोरं गेली. पुरायला माणसं मिळेनात. जव्हारहून दरबाराचा एक माणूस औषधाच्या पुड्या घेऊन आला आणि पाड्याच्या तोंडाशीच ठेवून परत फिरला. आणि लोकांच्या ध्यानात एक गोष्ट येऊ लागली. जातात त्यात बाया जास्त. आणि बायांतही, जिने तिने मोजून बघितलं, झिलीच्या रांगेतल्या जास्त.

कुणी पहिल्यांदा बोललं ते कळलं नाही. पण एक दिवस फागी पाण्यावर गेली आणि आधी आलेल्या बाया हंडे अर्धे भरूनच उठल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात कुणीतरी लिंबू टाकलेलं होतं. लाडक्याने ते काठीने ढकलून दूर केलं. तो तिच्याशी बोलत होता, पण तिने वाढलेली भाकर हातात घेऊन आधी उजेडाकडे धरून बघत होता.

जिवा भगताने सुपात तांदळाचे दाणे मांडले. सगळा पाडा, म्हणजे जेवढा उरला होता तेवढा, त्याच्या अंगणात जमला. फागीला बोलावून मध्ये बसवलं. उन्हं कलायची होती. कुठेतरी कुत्रं विव्हळत होतं.

“दाणं सांगतात,” जिवा म्हणाला. त्यालाही ताप होता. “औंदाचा सूर शीळकऱ्याचा नाय. शीळकरी औंदा आलाच नाय. मंग सूर कुणी दिला?”

फागीला पलीकडच्या डोंगरातली एक बाई आठवली. तिला भुताळी ठरवली होती. चिंचेच्या झाडाखाली मिरच्यांची धुरी पेटवली होती, एवढं फागीने लहानपणी ऐकलं होतं; पुढचं मोठी माणसं पोरांपुढे बोलत नसत. दरबाराचे शिपाई येईपर्यंत असल्या गोष्टी होऊन गेलेल्या असत.

“बोल गे!” तुका उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती, पाणीही नव्हतं. “माझी भागी तुझ्या रांगेसमोर उभी राहून तुझं गाणं बोलली. माझी पोरं जेवताना तेच बोलायची. कठून आणलास सूर? कुणाकडून आणलास?”

फागी खरं बोलली तर मेली. खोटं बोलायला तिची जीभ वळेना, कारण आठवडे झाले, तीही हाच प्रश्न स्वतःला विचारत होती. तिने लाडक्याकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

“तिला काय इचारता?” नवसू हळूच म्हणाला. “सूर दोघींनी आयकायचा असतं. दुसरी हाय ना. माझी बायको हाय.”

बायडीला आणायला लागलं नाही. ती मागेच उभी होती. पुतळी गेल्यानंतर ती स्वतःही तापाने पडली होती आणि उठली होती. हाडं राहिली होती. ती माणसांतून वाट काढत पुढे आली. फागीने खाली बघितलं. बायडी खोटं बोलत नाही, हे अख्ख्या पाड्याला माहीत होतं. म्हणून तर तिच्या तोंडाला सगळे भीत.

“बायडे,” जिवा म्हणाला, “तुझ्या घरची सून गेली. तुना कुणाची भीड नाय. सांग, तू काय आयकलास?”

बायडीने एकदा फागीकडे पाहिलं. कुत्र्याचं विव्हळणं थांबलं होतं.

“शीळकरीच व्हता,” ती म्हणाली. ताप येऊन गेल्यापासून तिचा आवाज फाटला होता, कुजबुजीसारखा निघत होता. माणसं कान पुढे करून ऐकत होती. “पाणी थोडं, म्हणून तोही थोडाच बोलला. पण बोलला. मी आयकलं, ह्या कानांनी.”

“कणसरीची आण घेशील?”

कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिच्या नावाने खोटं कुणी बोलत नाही. जिवाने मूठभर नागली पुढे केली. बायडीने दोन्ही हातांची ओंजळ केली, नागली घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाली, “कणसरीची आण.”

तुका मटकन खाली बसला आणि पहिल्यांदा रडला. लोक एकेक करून उठले.

दोघी जावा घरी निघाल्या. भगताचं अंगण मागे पडलं तेव्हा फागी म्हणाली, “तू बोललीस, खोटं नाय बोलायची म्हणून.”

“बोलले व्हते.”

“मंग?”

बायडीने आणेची नागली, जी अजून तिच्या मुठीत होती, एका वारुळाच्या तोंडाशी मुंग्यांना घातली.

“माझी पुतळी तोच सूर तोंडात घेऊन गेली,” ती म्हणाली. “त्याला भुताचा म्हणू? लोकं तिला काय म्हणतील मंग?” आणि मग, नेहमीच्या रागाने: “तुझ्यासाठी नाय बोलले. तुना वाटंल तसं.”

जिवा भगत त्याच आठवड्यात गेला. तुका पाडा सोडून मोखाड्याकडे बहिणीच्या आश्रयाला गेला आणि तिकडेच राहिला; साखरशेतात तो पुन्हा दिसला नाही. काळ्याने दोन वर्षांनी दुसरी बायको केली, तिच्या लग्नात बायडीच पुढे होती. नवसू म्हातारा होऊन मेला. लाडक्या पुष्कळ जगला. भाकर उजेडाकडे धरून बघायची त्याची सवय मात्र गेली नाही, आणि फागीने त्याला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

बायडीने त्या दिवसानंतर धान्य खाल्लं नाही. भात नाही, नागली नाही, वरीसुद्धा नाही. लोकांना वाटे, सुनेचं दुःख. तिने कारण कुणाला सांगितलं नाही आणि फागीने ते विचारलं नाही. फागी पावसाळ्यात रानात जाई, कंद खणून आणी, उकडून थोरल्या जावेच्या पडवीत ठेवी. “किती माती ठेवलीस गे ह्याला,” बायडी म्हणे, आणि खाई. अशी ती आणखी सहा पावसाळे जगली.

मानमोडीच्या पुढच्या साली पाऊस वेळेवर आला. शीळकरी इतका बोलला की ओहोळावर जायची गरजच नव्हती. पाड्यात ऐकू येत होता. तरी दोघी गेल्या, दोघींनी ऐकला, सूर आणला. आवणीला बायका उतरल्या तेव्हा कळलं की दोन रांगा होत नाहीत. झिलीच्या रांगेतल्या बहुतेक गेल्या होत्या; ज्या उरल्या त्या सगळ्या फागीच्या बाजूला उभ्या राहिल्या. समोर झिलीच्या जागी बायडी एकटी. तिला या बाजूला ये म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही.

फागीने उचल केली. समोर बायडीचे ओठ हलले, आवाज नव्हताच. तिचे ओठ थांबेपर्यंत बायका थांबल्या, मग पुढची ओळ उचलली. रोपं लागत गेली, मधलं हिरवं वाढत गेलं, बायडी मागे मागे सरकत बांधापर्यंत गेली. तिथून तिचं तोंड दिसत नव्हतं. बायका प्रत्येक ओळीनंतर तेवढाच वेळ थांबत होत्या, हातात आवण धरून. बाजाराच्या वाटेने जाणाऱ्यांना वाटलं, साखरशेतच्या बाया गाणं विसरल्या.